वारी : एक चालती पाठशाळा

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हक्क व कर्तव्ये यांची यादी दिलेली असते. विद्यार्थी ती पाठ करतो, परीक्षेत बिनचूक लिहितो आणि गुणही मिळवितो. परंतु तोच विद्यार्थी मधल्या सुट्टीत नळावरची रांग मोडून पुढे घुसतो, आणि खाल्लेल्या चिक्कीचा कागद वाटेतच भिरकावून देतो. रांगेत उभे राहावे, हे त्याला ठाऊक असते. रांगेत उभे राहण्याची सवय मात्र त्याच्या अंगी बाणलेली नसते. ज्ञान पुस्तकातून मिळते. सवय मुरावयास ती गोष्ट चार माणसांच्या संगतीत पुनःपुन्हा करावी लागते.

छापील पुस्तके घरोघरी नव्हती, त्या काळीही माणसे गावात एकत्र नांदत होती, एकमेकांच्या अडीअडचणीला धावून जात होती. हे शिक्षण त्यांना रूढींनी व परंपरांनी दिले. एखाद्या शेतकऱ्याची नांगरट मागे पडली, तर गावातील इतर शेतकरी आपापले बैल घेऊन त्याच्या शेतात उतरत, एका दिवसात नांगरट आटोपत आणि सगळे मिळून जेवत. या प्रथेस ‘इर्जिक’ म्हणतात. धुळे व नाशिक या भागांत नद्यांवर लहान बंधारे घालून शेतीस पाणी देण्याची ‘फड’ नावाची जुनी पद्धत आहे. तीत कोणत्या शेतास केव्हा पाणी द्यावयाचे, हे गावकरी मिळून ठरवीत. पाटकरी ते पाणी ठरल्या क्रमाने सोडी. या प्रथांना कोणी नागरिकशास्त्र म्हटले नाही. पण सहकार, समान वाटणी आणि सर्वांनी मिळून केलेला नियम पाळणे, हे नागरिकत्वाचे धडे त्यांत होतेच.

महाराष्ट्रातील अशा परंपरांपैकी सर्वांत विशाल परंपरा म्हणजे पंढरीची वारी. वारी ही भक्तीची वाट आहे, हे तर खरेच. परंतु लक्षावधी माणसे सुमारे तीन आठवडे एकत्र चालतात, जेवतात, झोपतात आणि फारसा तंटाबखेडा न होता मुक्कामास पोहोचतात, ही गोष्ट नागरिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने बारकाईने पाहावी अशी आहे.

वाटचाल

ज्येष्ठ महिन्याच्या वद्य पक्षात देहूहून संत तुकाराम महाराजांची व आळंदीहून संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी निघते. पालखीत संतांच्या पादुका असतात. महाराष्ट्राच्या इतर भागांतूनही अनेक संतांच्या पालख्या निघतात आणि आषाढ शुद्ध एकादशीच्या सुमारास सर्व पालख्या पंढरपुरास येऊन मिळतात. आळंदीपासून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. दिवे घाटाची चढण, सासवड, जेजुरी, नीरा नदीचे पात्र, लोणंद, फलटण, माळशिरस, वेळापूर आणि अखेरीस वाखरी, अशी ही वाट आहे. वर आषाढाचे ढग, खाली चिखल किंवा तापलेली धूळ, आणि मध्ये टाळांचा अखंड ध्वनी.

वारी फार जुनी आहे. ज्ञानेश्वरांच्या आधीही ती चालत होती. तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सातारा जिल्ह्यातील आरफळ गावचे हैबतबाबा यांनी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीस आजचे शिस्तबद्ध रूप दिले. हैबतबाबा पूर्वी शिंद्यांच्या सैन्यात सरदार होते. सैन्य कसे हलते, मुक्काम कसा पडतो, तुकड्या कशा लावाव्या लागतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. सैन्याचा तो क्रम त्यांनी वारीस दिला. मात्र त्या सैन्याच्या हाती शस्त्राऐवजी टाळ होते.

दंडावाचून शिस्त

वारीतील तुकडीस ‘दिंडी’ म्हणतात. दिंडीच्या अग्रभागी भगव्या पताका, मागे टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यामध्ये मृदंग वाजविणारा, मागे वीणेकरी आणि त्यांच्याही मागे डोक्यावर तुळशीवृंदावन व पाण्याच्या कळश्या घेतलेल्या स्त्रिया, असा दिंडीचा क्रम असतो. कोणती दिंडी रथापुढे व कोणती रथामागे, हे ठरलेले असते. दिंड्यांना अनुक्रमांक असतात. श्रीमंताची दिंडी म्हणून ती पुढे जात नाही, आणि गरिबांची म्हणून मागे पडत नाही. ज्याचे जे स्थान, तेथे त्याने चालावयाचे.

एवढ्या समुदायाला सांभाळतात ते चोपदार. चोपदाराच्या हाती चोप, म्हणजे चांदीचा दंड असतो. पण तो मारण्यासाठी नव्हे. चोप वर गेला की गजर थांबतो. चोपदाराने खूण केली की दिंडी चालू लागते. चोपदारामागे पोलिसी बळ नसते. त्याचे ऐकले जाते, कारण तो सर्वांच्या सोयीसाठी बोलत आहे, असा प्रत्येकाचा विश्वास असतो. आपल्या सर्वांचा नियम म्हणून जो नियम पाळला जातो, त्यास पहारेकरी लागत नाही. वर्गात शिक्षक नसताना वर्ग शांत राहतो की नाही, यावरून त्या वर्गातील शिस्त भीतीची आहे की समजुतीची, हे ओळखता येते.

तक्रारीचे टाळ

वारीतील सर्वांत मननीय प्रसंग सायंकाळी घडतो. दिवसभराची वाटचाल संपवून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी मुक्कामाच्या तळावर येते. सर्व दिंड्या पालखीभोवती वर्तुळाकार उभ्या राहतात. यानंतर जी आरती होते, तिला ‘समाजआरती’ असे सार्थ नाव आहे. आरतीपूर्वी चोपदार चोप उंच करून दीर्घ स्वरात ‘होऽऽ’ अशी आरोळी देतात. त्यासरशी हजारो टाळ एकदम थांबतात. नुकताच आभाळाला भिडलेला नाद एका क्षणात निमतो आणि तळावर शांतता पसरते.

परंतु एखाद्या दिवशी असे होत नाही. सर्व टाळ थांबतात, आणि एका कोपऱ्यात एकाच दिंडीचे टाळ वाजतच राहतात. नवख्या माणसास वाटते, या लोकांना आरोळी ऐकू आली नाही की काय? तसे नसते. टाळ वाजत ठेवणे याचा अर्थ, ‘आमची तक्रार आहे, ती ऐकल्याखेरीज आरती होऊ नये.’ मग चोपदार त्या दिंडीपाशी जातात व गाऱ्हाणे ऐकतात. दिंडीस पाणी मिळाले नसेल, तंबूची जागा दुसऱ्यांनी अडविली असेल, वाटेत एखादे वाहन दिंडीच्या रांगेत घुसून म्हाताऱ्या माणसांना त्रास झाला असेल. जे असेल ते सर्वांसमक्ष सांगितले जाते. चोपदारांच्या हाती असेल तर तेथेच निवाडा होतो; नसेल तर सोहळ्याच्या प्रमुखांपुढे गोष्ट जाते. त्या दिंडीचे समाधान झाले की तिचेही टाळ थांबतात आणि मग आरती सुरू होते.

या प्रथेत किती गोष्टी सामावल्या आहेत, याचा विचार करून पाहावा. ज्यावर अन्याय झाला त्यास बोलण्याचा हक्क आहे, ही पहिली गोष्ट. तो हक्क बजावण्याची रीत ठरलेली आहे. आरडाओरड नाही, शिवीगाळ नाही, मोडतोड नाही, ही दुसरी. ज्यांना तक्रार नाही त्यांनीही तोवर उभे राहून वाट पाहावयाची असते, ही तिसरी. दिवसभर चालून पाय दुखत असतात, भुकेची वेळ झालेली असते. तरी आपले ठीक आहे म्हणून कोणी बसून घेत नाही. दुसऱ्याच्या तक्रारीसाठी जो समाज थांबतो, तोच खरा समाज. आणि चौथी गोष्ट अशी की, निवाडा झाल्यावर तक्रार करणाऱ्यानेही टाळ थांबवावयाचे असतात. समाधान झाल्यावरही जो वाजवीतच राहील, त्याने हक्काचा दुरुपयोग केला असे होईल.

याच वेळी दिवसभरात सापडलेल्या वस्तूंची घोषणा होते. कोणाचे टाळ, कोणाची पिशवी, कोणाचे पैशाचे पाकीट. ज्याचे असेल त्याने खूण पटवून घेऊन जावे. लाखांच्या गर्दीत हरवलेली वस्तू सायंकाळी मालकास परत मिळते, यापरता प्रामाणिकपणाचा दुसरा वस्तुपाठ कोणता?

घेणारे व देणारे

दिंडीत जेवणाखाण्याचा खर्च बहुधा वर्गणीतून होतो आणि कामे वाटून घेतलेली असतात. कोणी तंबू ठोकतो, कोणी सरपण आणतो, कोणी भाकऱ्या भाजतो. वाटेवरील गावांचाही यात वाटा असतो. कोठे भाकरी व पिठले यांच्या पंगती उठतात, कोठे रांजण भरून ठेवलेले असतात. चर्मकार तुटलेल्या वहाणा शिवून देतो, नाभिक दाढी करून देतो, डॉक्टर पायांच्या फोडांवर औषध लावतो. आणि त्या दिवशी यांपैकी कित्येकजण मोबदला घेत नाहीत. ज्याच्या हातात जे कसब आहे, ते त्याने समाजाच्या उपयोगी आणावे, हे सूत्र येथे वेगळे शिकवावे लागत नाही.

उघडे वाळवंट व बंद दार

वारीत भेटलेली माणसे एकमेकांस ‘माउली’ म्हणून हाक मारतात आणि एकमेकांच्या पाया पडतात. वय, जात, पैसा यांचा विचार तेथे होत नाही. शिंपी कुळातील नामदेव, कुंभार गोरोबा, माळी सावता, सोनार नरहरी, न्हावी सेना, दासी जनाबाई, महार चोखामेळा, अशा सर्व थरांतील संतांनी ही परंपरा घडविली. तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघाली की पहिला विसावा घेते, तो अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी.

परंतु येथे एक कठोर सत्य सांगितलेच पाहिजे. चंद्रभागेच्या वाळवंटात जी समता नांदत होती, ती मंदिराच्या दारापाशी येऊन थांबत असे. ज्यांना अस्पृश्य म्हणून दूर लोटले होते, त्या भाविकांस विठ्ठलाच्या मंदिरात पाऊल टाकता येत नसे. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, बाहेर आहे. शेकडो मैल पायी आलेला माणूस त्या समाधीशी डोके टेकून परत फिरे. ज्या ओठांनी त्याला वाटेत ‘माउली’ म्हटले, तेच ओठ दारापाशी मुके होत. शतकानुशतके हे असेच चालले, आणि पुष्कळांना त्यात काही विसंगती वाटली नाही. परंपरेचा हा दुसरा गुण, किंवा दोष म्हणा, ध्यानात ठेवण्यासारखा आहे : ती चांगली सवय लावते, तशीच अन्यायाचीही सवय लावते.

हा अन्याय ज्यांच्यावर होत होता, त्यांनीच प्रथम त्याविरुद्ध कंबर कसली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून हजारो लोकांनी सार्वजनिक पाणवठ्यावरील आपला हक्क बजावला. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला व तो काही वर्षे चालला.

पुढे पंढरपूरचे दार उघडावे म्हणून एक शिक्षक उभा राहिला. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी. अमळनेरच्या शाळेत ते शिकवीत. वसतिगृहातील मुलांच्या खोल्या न सांगता झाडून ठेवणारे, आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढणारे गुरुजी म्हणून ते विद्यार्थ्यांस ठाऊक होते. स्वातंत्र्य जवळ येत होते. देश स्वतंत्र होणार, आणि त्यातील काही लेकरे मात्र विठोबाच्या दाराबाहेरच राहणार, हा विचार गुरुजींस असह्य झाला. १९४७ सालाच्या आरंभीचे महिने त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला. गावोगावी सभा झाल्या. गुरुजी लोकांस संतांच्याच शिकवणीची आठवण देत. कित्येक गावांनी आपली मंदिरे व विहिरी सर्वांना खुल्या केल्या. पंढरपूरचे दार मात्र उघडले नाही.

१ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभिले. प्रकृती मुळातच नाजूक. दिवसामागून दिवस जाऊ लागले. पंढरपुरात त्यांना विरोध करणारेही होते व त्यांच्यासाठी डोळ्यांत पाणी आणणारेही होते. दादासाहेब मावळणकर यांच्यासारख्या थोर पुरुषांनी मध्यस्थी केली. अखेर मंदिर सर्वांस खुले करण्याचे मान्य झाले आणि १० मे रोजी गुरुजींनी उपोषण सोडले. जी वाट शतकानुशतके दारापर्यंतच जात होती, ती अखेर गाभाऱ्यापर्यंत गेली.

गुरुजींनी परंपरा मोडली, असे तेव्हा काहीजण म्हणाले. नीट पाहिले असता असे दिसते की, वारीचे जे सार, ती समता, त्यांनी दाराच्या आत नेली, आणि तिच्या आड येणारी रूढी बाजूस सारली. टाळांचा दाखला घेऊन बोलावयाचे, तर एका कोपऱ्यातील टाळ कित्येक शतके वाजत होते. समाजाने ते ऐकावयास फार उशीर केला.

२६ जानेवारी १९५० पासून भारताचे संविधान अमलात आले. त्याच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण हा गुन्हा ठरविला. १९७६ साली संविधानात नागरिकांची मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली. आपल्या संमिश्र संस्कृतीचा समृद्ध वारसा मोलाचा मानून जतन करणे, हे त्यांपैकी एक कर्तव्य आहे. स्त्रियांच्या प्रतिष्ठेस उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडून देणे, हे दुसरे. जतन करणे व सोडून देणे ही दोन्ही कर्तव्ये एकाच अनुच्छेदात शेजारी शेजारी असावीत, हे अर्थपूर्ण आहे.

खराटा

वारीच्या परंपरेतच आणखी एक थोर शिक्षक होऊन गेले. त्यांना स्वतःस शाळा मिळाली नव्हती. ते म्हणजे संत गाडगेबाबा. त्यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगे व हाती खराटा, असे त्यांचे रूप होते. गावात शिरताच ते रस्ता झाडू लागत. दिवसा गाव स्वच्छ करावयाचे आणि रात्री कीर्तन करून माणसांची मने स्वच्छ करावयाची, असा त्यांचा क्रम होता. कीर्तन ही लोकांच्या ओळखीची गोष्ट. त्या ओळखीच्या भांड्यातून त्यांनी नवे विचार वाढले : कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, पशूंचे बळी देऊ नका, मुलांना शाळेत घाला. श्रोत्यांस ते प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. उत्तम शिक्षकाची हीच तर हातोटी!

पंढरपुरास ते वारंवार जात. परंतु देवळात जाण्याऐवजी वाळवंट झाडीत. अस्पृश्य मानलेल्या यात्रेकरूंस उतरावयास जागा मिळत नाही, हे पाहून त्यांनी तेथे चोखामेळा धर्मशाळा उभारली आणि पुढे १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपविली. १९५६ साली गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान २००० सालापासून महाराष्ट्रात सुरू झाले. तथापि लाखो माणसे जेथे जमतात, तेथे घाण साचते, हे आजही खरे आहे. मुक्काम हलल्यावर मागे पत्रावळी व प्लॅस्टिकचे पेले उरतात. अलीकडे अनेक स्वयंसेवक व विद्यार्थी वारीमागून स्वच्छतेसाठी चालतात. पताका धरणाऱ्या हातांइतकाच मान त्यांच्या हातांतील खराट्यास मिळावयास हवा.

न निघालेली वारी

२०२० साली कोरोनाची साथ आली. गर्दी म्हणजे संसर्ग, अशी परिस्थिती निर्माण झाली. त्या वर्षी पायी वारी झाली नाही. मोजक्या लोकांसह संतांच्या पादुका एस.टी.च्या गाडीतून पंढरपुरास नेण्यात आल्या. २०२१ सालीही तसेच करावे लागले. पन्नास-पन्नास वर्षे एकही वारी न चुकलेले वृद्ध वारकरी त्या आषाढात आपल्या ओसरीवर बसून राहिले. त्यांच्या जिवाची उलघाल झाली नसेल काय? परंतु आपल्या पावलांबरोबर दुसऱ्याच्या घरी रोग जाऊ नये, म्हणून त्यांनी पावले आवरली. परंपरा पाळणे कधी कधी ती थांबविण्यातही असते. २०२२ साली पालख्या पुन्हा पायी निघाल्या.

शाळेतील दिंडी

आषाढ महिना आला की अनेक शाळांतून बालदिंडी निघते. मुले धोतर-टोपी घालतात, मुली नऊवारी नेसतात, कागदी पताका मिरवतात, छायाचित्रे काढली जातात आणि दिंडी संपते. हे सर्व गोजिरवाणे आहे; पण वारीचे मर्म पोशाखात नाही. ते हाती लागावे असे वाटत असेल, तर शाळेने चार साध्या गोष्टी करून पाहाव्यात.

पहिली गोष्ट अशी की, वीणा कोणी धरावी व पताका कोणी न्यावी, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. दरवर्षी त्याच मुलाच्या गळ्यात वीणा आणि त्याच मुलाच्या हाती खराटा असेल, तर ती दिंडी समतेचे नाव घेते आणि विषमता शिकविते. दुसरी गोष्ट, दिंडी ज्या वाटेने गेली, ती वाट दिंडीतील मुलांनीच मागे फिरून स्वच्छ करावी. तिसरी, सापडलेल्या वस्तूंची पेटी शाळेत ठेवावी व दर शनिवारी परिपाठाच्या वेळी वस्तूंची घोषणा करावी. आणि चौथी, त्याच वेळी तक्रारीसही स्थान असावे. ज्यास गाऱ्हाणे असेल त्याने टाळ वाजवावा. सर्वांनी शांतपणे ऐकावे. मग वर्गप्रतिनिधींनी व शिक्षकांनी निवाडा करावा. पाण्याच्या टाकीस तोटी नाही, मोठी मुले लहानांस क्रीडांगणावर येऊ देत नाहीत, एखाद्या मुलास त्याच्या घरच्या धंद्यावरून चिडवितात, अशा गोष्टी मग मनात कुढत राहणार नाहीत.

येथे एक सावधगिरी बाळगावयास हवी. शाळा सर्वांची आहे. ज्या शाळा संपूर्णपणे सरकारी निधीतून चालतात, त्यांत धार्मिक शिक्षण देऊ नये, असे संविधानाचा २८ वा अनुच्छेद सांगतो. म्हणून वारीतील पूजाविधी घरात व मंदिरात शोभतात. शाळेने घ्यावयाची ती वारीची रीत : क्रम, श्रमाची वाटणी, तक्रार ऐकणे, माणसास माणूस मानणे. ही रीत कोणत्याही धर्माच्या मुलास आपली वाटेल. त्याचप्रमाणे प्रत्येक गावाची परंपरा निराळी असते. कोठे इर्जिक असेल, कोठे फड, कोठे उरूस, कोठे शिमग्याची पालखी, कोठे आदिवासी पाड्यावरील सामुदायिक नृत्य. त्या त्या गावच्या मुलांनी आपल्या परंपरेकडे जाऊन दोन प्रश्न विचारावेत : हिने माणसांना एकत्र कसे आणले? आणि हिच्या दाराबाहेर कोणी राहिले होते काय, किंवा अजून राहिले आहे काय? पहिल्या प्रश्नाने आदर उपजेल, दुसऱ्याने विवेक. चांगल्या नागरिकास दोन्ही लागतात.

पालखीच्या तळावर सायंकाळी चोपदाराचा चोप वर जातो, आणि क्षणभर सर्वांचे कान टवकारले जातात : कोठे टाळ वाजतो आहे काय? आपल्या वर्गात, गल्लीत, गावात असे क्षणभर थांबून ऐकण्याची सवय ज्याला लागली, त्याच्या अंगी नागरिकशास्त्राचा एक मोठा धडा बाणला, असे समजावे.

शब्दार्थ

अंगी बाणणे – स्वभावात उतरणे
तंटाबखेडा – भांडण
पाटकरी – पाटाचे पाणी सोडणारा माणूस
चोप – चोपदाराच्या हातातील दंड
निमणे – शांत होणे
मननीय – विचार करण्याजोगा
निवाडा – निर्णय, न्याय
वस्तुपाठ – प्रत्यक्ष कृतीतून मिळणारा धडा
विसंगती – मेळ नसणे
हातोटी – कौशल्य, खुबी
उलघाल – तळमळ

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) इर्जिक म्हणजे काय?
(आ) पालखीची प्रथा कोणी व केव्हा सुरू केली?
(इ) साने गुरुजींनी उपोषण कोठे केले? ते किती तारखेस सोडले?

२. पुढील प्रश्नांची चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) समाजआरतीच्या वेळी एखादी दिंडी टाळ वाजवीतच राहते, ते का? मग काय होते?
(आ) चोपदाराजवळ पोलिसी बळ नसतानाही त्याचे ऐकले जाते. याचे कारण सांगा.
(इ) गाडगेबाबांनी कीर्तनाचा उपयोग कोणत्या कामासाठी केला?

३. कारणे द्या.
(अ) २०२० साली वृद्ध वारकरी घरीच राहिले.
(आ) बालदिंडीतील कामे चिठ्ठ्या टाकून वाटावीत.

४. ‘परंपरा चांगली सवय लावते, तशीच अन्यायाचीही सवय लावते.’ हे विधान पाठातील प्रसंगाच्या आधारे स्पष्ट करा.

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : कंबर कसणे, बाजूस सारणे, कान टवकारणे, धावून जाणे.

६. पुढील सामासिक शब्दांचा विग्रह करा : रात्रंदिवस, हक्क-कर्तव्ये, ग्रामस्वच्छता, बालदिंडी.

७. उपक्रम : आपल्या गावातील किंवा मोहल्ल्यातील एका जुन्या प्रथेविषयी घरातील वडीलधाऱ्या मंडळींस विचारा. पाठाच्या शेवटी दिलेले दोन प्रश्न त्या प्रथेस लावून पाहा आणि जी माहिती मिळेल ती वर्गात सांगा.